कबुलीच्या बाकावरची इस्त्री

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. मला पाठ नाही, हात नाहीत आणि गादी तर कधीच नव्हती. माझा एक पाय इतर पायांपेक्षा किंचित आखूड आहे. तो सुताराने मुद्दाम तसा ठेवला. माझ्यावर बसणाऱ्याने जराशी चुळबूळ केली तरी मी कुरकुरतो आणि ते सगळ्या मंडळीला ऐकू जातं. तुम्ही म्हणाल, असा कसला हा बाक? बसणाऱ्याला सुख नाही, बघणाऱ्याला शोभा नाही. बरोबर आहे. मी सुखासाठी केलेलाच नाही. मी कबुलीचा बाक आहे.

हल्ली चर्चमधल्या काही हौशी लोकांच्या मनात आलं आहे की मला घासूनपुसून पॉलिश करावं, भोवती दोरी बांधावी आणि वर पाटी लावावी : ‘जुन्या काळची वस्तू. बसू नये.’ पाटी रंगवून तयार आहे. भिंतीला टेकवून ठेवली आहे, माझ्या अगदी समोर. ती बघून मला राहवलं नाही. बसू नये? माझी सगळी हकीकत बसण्याचीच आहे. ती आधी ऐका, मग त्या पाटीचं काय करायचं ते ठरवा.

मी मुळात या चर्चचं दार होतो. वाळवीने माझी खालची कड खाल्ली तेव्हा नवं दार आलं आणि मला जळणात टाकायचं ठरलं. सुताराने मला उलटंपालटं करून पाहिलं, अंगठ्याने टोकरलं आणि म्हणाला, ‘‘वरचं लाकूड अजून शंभर जणांना पुरून उरेल.’’ त्याने माझा बाक केला. कुलपाचं भोक मात्र बुजवलं नाही. ते अजून माझ्या बसायच्या फळीत उजव्या टोकाला आहे. मुलं त्यात बोट घालून बघतात. मोठी माणसं घाबरली की तीही घालतात, हे मी पाहिलं आहे.

मला वेदीच्या डाव्या हाताला, मंडळीकडे तोंड करून ठेवलं. या चर्चची एक रीत होती. रविवारी प्रभुभोजन असे. म्हणजे येशूच्या आठवणीसाठी सगळ्यांनी मिळून एका भाकरीचा तुकडा खायचा. पण त्याआधी, ज्याने कुणाचं वाईट केलं असेल त्याने येऊन माझ्यावर बसायचं आणि ते मोठ्याने सांगायचं. ज्याचं वाईट झालं त्याने पुढे यायचं, बसलेल्याचा हात धरायचा आणि त्याला उठवायचं. बाक रिकामा झाला की मगच पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, भाकर मोडत. आणि एकदा उठवल्यावर ती गोष्ट पुन्हा कुणी, कधी, कुठे काढायची नाही. ही त्या रीतीतली सगळ्यात कडक अट होती.

पहिला आला तो बेकरीवाला. पिठात मिसळू नये ते मिसळत होता. लाल होऊन त्याने ते सांगितलं आणि डोकं खाली घातलं. पोटदुखीने आठवडाभर अंथरुणात पडलेली एक म्हातारी काठी टेकत पुढे आली आणि म्हणाली, ‘‘ऊठ रे मेल्या. पण पुढचे पाव मी आधी वास घेऊन घेईन.’’ सगळे हसले, बेकरीवालाही हसला. त्या दिवशी मला कळलं की आपण शिक्षेचं आसन नाही. शिक्षेच्या आसनावरून माणूस असा हलका होऊन उठत नाही.

असे कितीतरी बसले. भावाची जमीन बळकावलेला, सुनेला उपाशी ठेवणारी, शेजाऱ्यावर खोटा आळ घेणारा. त्यांची नावं मी सांगणार नाही. ते सगळे उठवले गेले आहेत. एकाचीच गोष्ट सांगतो, कारण त्याच्या बायकोने तशी परवानगी दिली आहे.

तो वाफेच्या धुलाई कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. सगळे त्याला बॉयलरदादा म्हणत. ऐन तरुणपणी त्याला दारूचं व्यसन लागलं होतं. एका रविवारी तो येऊन बसला आणि म्हणाला, ‘‘मी पितो. काल बायकोवर हात उचलला.’’ त्याचं बोट माझ्या कुलपाच्या भोकात अडकलं होतं, इतकं त्याने ते आत खुपसलं होतं. त्याची बायको पुढे आली. तिला सगळे वहिनी म्हणत. ती त्याच कारखान्यात इस्त्री करायची, आणि तिचं बोलणंही तिच्या इस्त्रीसारखंच कडक होतं. ती म्हणाली, ‘‘हात उचलायचा तर आज माझ्या हातात द्यायला उचला. पुन्हा दुसऱ्या कशासाठी उचलला, तर मी इथे येणार नाही, माहेरी जाईन.’’ मग तिने त्यांना उठवलं. बोट सोडवायला थोडं तेल लावावं लागलं. त्यानंतर दादांनी दारूला स्पर्श केला नाही. मला हे ठाऊक आहे, कारण दर रविवारी येताजाता ते माझ्या त्या भोकावरून हात फिरवत.

आता त्या कारखान्याच्या मालकाबद्दल सांगतो. तुमच्या लक्षात येईल की मी त्याला अहोजाहो करत नाही. ज्याने जन्मभर माझ्यावर बसायचं टाळलं, त्याला मी मान देत नाही. बाकाला एवढा तरी अधिकार असावा.

मालक दानशूर होता. छताचे पत्रे त्याने दिले. वेदीवरच्या चादरी त्याच्याच कारखान्यात फुकट धुऊन, कडक करून येत. तो पहिल्या रांगेत बसे आणि सर्वांत मोठ्याने आमेन म्हणे. देवाच्या न्यायावरचा उपदेश त्याला फार आवडायचा. पाळकसाहेब सांगू लागले की शेवटच्या दिवशी प्रभू सिंहासनावर बसेल, चांगल्यांना उजवीकडे करील, दुष्टांना डावीकडे, तर मालक मान डोलावत मागच्या रांगांकडे वळून बघायचा, जणू डावीकडच्यांची निवड त्यालाच करायची आहे.

हळूहळू तो पंच कमिटीचा प्रमुख झाला. चर्चचा कारभार बघणारी ती कमिटी. त्याने नवा नियम केला : कुणाही विरुद्ध काही म्हणायचं असेल तर आधी कमिटीची परवानगी घ्यायची, भर उपासनेत आरोप करायचा नाही. ऐकायला नियम शहाणपणाचा होता. पण परवानगी देणारा तोच होता. मग त्याला वाटलं, बाक तरी कशाला हवा? मला हलवण्याची हिंमत झाली नाही, म्हणून माझ्यावर फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्या. वर्षानुवर्षं मी जिरेनियमचं ओझं वाहिलं. पाणी झिरपून माझी फळी काळी पडली. मित्रांनो, मला एवढंच विचारायचं होतं, त्या बिचाऱ्या कुंड्यांनी असं काय पाप केलं होतं?

कारखान्यात हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी येत. वाफेवर चालणाऱ्या मोठ्या रुळांतून त्या कोरड्या होऊन निघत. ती वाफ बॉयलर देई. बॉयलरला एक झडप असते. आत वाफ फार झाली की झडप आपोआप उघडते आणि जादा वाफ शिट्टी मारत निघून जाते. झडपेच्या दांड्याला ठरलेलं वजन असतं. वजन वाढवलं की झडप उघडत नाही, आणि आतली वाफ वाढतच जाते. मालकाला ही शिट्टी ऐकवत नसे. ‘‘माझ्या कोळशाचे पैसे हवेत उडताहेत,’’ असं म्हणायचा. एक दिवस त्याने मुकादमाला सांगून झडपेच्या दांड्याला तारेने एक जुनी भरीव इस्त्री लटकवली. शिट्टी बंद झाली. रूळ भराभर फिरू लागले.

दादांनी ती इस्त्री काढली. मुकादमाने पुन्हा लावली. दादांनी पुन्हा काढली. मुकादम मालकाचा मेहुणा होता, वाईट माणूस नव्हता, पण बहिणीच्या नवऱ्याच्या पुढे त्याची जीभ टाळूला चिकटायची. तो दादांना म्हणाला, ‘‘आता काढलीत तर तुम्हाला काढायला सांगितलंय.’’ इस्त्री राहिली. चादरी घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या बायकांना ती दिसत होती. सगळ्या खाली बघून जात होत्या.

मग एका सकाळी बॉयलर फुटला. भिंत आडवी झाली. काही बायका भाजल्या. दादा गेले.

चर्चची तावदानंही त्या आवाजाने थरथरली. पण माझं लाकूड थरथरलं ते नंतर. चौकशी करणाऱ्यांना मालकाने सांगितलं की बॉयलरवाला पिऊन झोपला होता. कुणी म्हणालं, तो तर पीत नव्हता. मालक म्हणाला, ‘‘पीत नव्हता? अहो, आमच्या चर्चमध्ये सगळ्यांसमोर बाकावर बसून त्यानेच कबूल केलं होतं. विचारा कुणालाही.’’

मित्रांनो, जे माझ्यावर सांगितलं गेलं, ज्याच्यावर हात धरून पडदा पडला, ते त्याने उकरून काढलं आणि मेलेल्या माणसाच्या अंगावर फेकलं. निकाल झाला, बॉयलरवाल्याचा दोष. दादांच्या मुलीला शाळेत पोरं दारुड्याची म्हणू लागली.

वहिनी कमिटीपुढे गेल्या. कमिटी माझ्याच शेजारी टेबल मांडून बसते, म्हणून मी सगळं ऐकलं.

‘‘मला मालकांविरुद्ध बोलायचंय,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘रविवारी, सगळ्यांसमोर.’’

‘‘तुझं दुःख आम्ही समजतो, ताई,’’ मालक म्हणाला. ‘‘म्हणून तुझ्या भल्यासाठी सांगतो, मेलेल्याची अब्रू आणखी कशाला काढतेस? परवानगी नाही.’’

‘‘तुमच्याविरुद्धची परवानगी तुम्हीच नाकारणार?’’

‘‘कमिटी नाकारतेय,’’ मालक म्हणाला आणि बाकीच्यांकडे बघितलं. बाकीचे आपापल्या नखांकडे बघत होते.

वहिनी पाळकसाहेबांकडे वळल्या. ते सज्जन होते आणि घाबरट होते. दोन्ही गोष्टी एका माणसात सुखाने नांदतात. ते म्हणाले, ‘‘बाई, न्याय करणं प्रभूचं काम आहे. दुष्टाला तो सोडत नाही. आपण त्याच्यावर सोपवावं.’’

‘‘सोपवलंय, साहेब. तुम्ही मात्र काही न करायला त्याचं नाव वापरताय.’’

त्या निघून गेल्या. मला टाळ्या वाजवता आल्या असत्या तर मी वाजवल्या असत्या. मी कुरकुरलो. कुंड्यांमुळे तेही नीट जमलं नाही.

दर शनिवारी दुपारी कारखान्यातल्या दोन बायका वेदीवर धुतलेली चादर घालायला येत. त्या शनिवारी वहिनी आणि मावशी आल्या. मावशी म्हणजे चादरींच्या घड्या घालणारी सगळ्यात जुनी बाई. कारखान्यातल्या सगळ्यांना तिने एकदा तरी झापलेलं होतं. तिच्या टोपलीत चादरीखाली काहीतरी जड होतं. तिने ते काढून जमिनीवर ठेवलं. ती इस्त्री होती. मुठीभोवती तार अजून पिळलेली होती.

‘‘ही कुठे मिळाली?’’ वहिनींनी विचारलं.

‘‘वाळत घातलेल्या चादरींत येऊन पडली होती, त्या दिवशी. मी उचलली आणि मळक्या कपड्यांत लपवली. का लपवली विचारू नकोस. आधी वाटलं मालकाला दाखवावी, म्हणजे नोकरी पक्की होईल. मग त्याचीच लाज वाटली.’’ मावशीने डोळे पुसले. ‘‘आता मला शिव्या दे.’’

‘‘शिव्या देऊन काय करू? परवानगी नाही म्हणे बोलायची.’’

मावशीने चादरीची एक सुरकुती हाताने सरळ केली. पुन्हा केली. सुरकुती केव्हाच गेली होती.

‘‘दुसऱ्याचं पाप सांगायला परवानगी लागते,’’ ती म्हणाली. ‘‘आपलं सांगायला लागते का गं?’’

दोघींनी एकदम माझ्याकडे बघितलं. कितीतरी वर्षांनी माझ्याकडे कुणी असं बघत होतं.

रविवारी चर्च भरलं होतं. प्रभुभोजनाची भाकर पांढऱ्या रुमालाखाली झाकलेली होती. पाळकसाहेब हात धुऊन वळले, तेवढ्यात मावशी उठली आणि पुढे आली. तिने माझ्यावरच्या कुंड्या खाली उतरवल्या. एकीचं पानसुद्धा मोडलं नाही. मग माझ्या डाव्या टोकाला ती इस्त्री ठेवली आणि तिच्या शेजारी स्वतः बसली. मी कुरकुरलो. इतक्या वर्षांनी गंजलेला आवाज निघाला, पण निघाला.

‘‘मी कबुली द्यायला बसलेय,’’ मावशी म्हणाली. ‘‘मी घड्या घालते. घड्या घालताना मान खाली असते, म्हणून मला काही दिसलं नाही असं म्हणणं सोपं आहे. पण मला दिसलं. ही इस्त्री झडपेला टांगलेली होती. मालकांनी टांगायला लावली होती. दादा काढायचे. मी गप्प बसले. चौकशीवाले आले तेव्हाही गप्प बसले.’’

मालक ताडकन उठला. ‘‘हा काय प्रकार आहे? कमिटीच्या परवानगीशिवाय आरोप करायचा नाही, हा नियम आहे.’’

‘‘आरोप कुठे केला, मालक?’’ मावशी म्हणाली. ‘‘मी तर माझं पाप सांगतेय. त्यात तुमचं नाव आलं, त्याला मी काय करू? तुम्ही नव्हतात का तिथे?’’

मागच्या रांगेत कुणीतरी हसू दाबलं आणि ते खोकल्यासारखं बाहेर पडलं.

‘‘पाळकसाहेब, भोजन सुरू करा,’’ मालक म्हणाला.

पाळकसाहेबांचे हात भाकरीवर होते. ते रुमाल उचलतील असं मला वाटलं. त्यांनी उचलला नाही. अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘‘बाकावर माणूस आहे, मालक. भाकर मोडता येत नाही.’’

वहिनी पुढे आल्या. ज्याचं वाईट झालं होतं तो आता नव्हता. त्याच्या जागी त्या होत्या. त्यांनी मावशीचा हात धरला. ‘‘ऊठ, मावशी.’’ मावशी उठायच्या आत रूळ चालवणारी बाई येऊन तिच्या बाजूला बसलीही होती. तिच्या गळ्यावर भाजल्याचा डाग होता.

‘‘दादा मला म्हणाले होते, ही इस्त्री तुम्ही सगळ्या मिळून काढायला सांगा, नाहीतर एक दिवस सगळ्यांना घेऊन जाईल. मी हसले. म्हटलं, दादा, घरी बायकोच्या इस्त्रीला घाबरता ते ठीक, इथेही घाबरता होय? सगळ्या हसल्या. तेही हसले.’’ वहिनींनी तिला उठवलं आणि तिच्या पदराने स्वतःचे डोळे पुसले.

मग तिसरी, मग कोळसा ओढणारा, मग दोघी बहिणी एकदम. प्रत्येक जण तेच सांगत होता आणि प्रत्येकाचं वेगळं होतं. एकीने दादांना तार सोडवताना पाहिलं होतं. एकीने मालकाचं बोलणं ऐकलं होतं. एकीने नवऱ्याला सांगितलं, नवरा म्हणाला तुला काय करायचंय. तो नवराही उठून आला, खाली मान घालून. कुणीही मालकावर आरोप केला नाही. मालक मात्र प्रत्येक कबुलीबरोबर थोडा थोडा उघडा पडत होता. पहिल्या रांगेतल्या त्याच्या शेजारच्यांनी हळूहळू सरकून जागा केली. त्याला इतकी ऐसपैस जागा कधी मिळाली नव्हती.

शेवटी मुकादम उठला.

‘‘खाली बस!’’ मालक दातओठ खात म्हणाला.

‘‘बसायलाच चाललोय, भावोजी.’’

तो आला आणि इस्त्रीच्या अगदी शेजारी बसला. वहिनी समोर उभ्या होत्या. त्यांचा हात पुढे आला नाही. बाकीच्यांनी नुसतं पाहिलं होतं. याने लटकवली होती. मला वाटलं, आज हा असाच बसून राहणार, आणि मी म्हटलं, बसू दे. खोटं कशाला सांगू?

‘‘दादा प्यायले होते?’’ वहिनींनी विचारलं.

‘‘नाही, वहिनी. सकाळी आम्ही दोघांनी बॉयलरपाशी चहा घेतला. चहा झाल्यावर त्यांनी माझ्यादेखत इस्त्री काढली. म्हणाले, आज लावू नका, बॉयलरमध्ये पाणी कमी आहे. मी परत अडकवली.’’ त्याचं बोट माझ्या कुलपाच्या भोकाकडे गेलं आणि थांबलं. ‘‘मीच अडकवली. भावोजी दारात उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि अडकवली.’’

शेवटी वहिनींनी हात पुढे केला, पण त्यांचं तोंड दगडासारखं होतं.

‘‘उठा. हेच चौकशीवाल्यांपुढे सांगायचं. सांगितलं नाहीत, तर मी कॉलर धरून तुम्हाला परत इथे आणून बसवीन.’’

‘‘सांगेन,’’ मुकादम म्हणाले. तेव्हापासून मी त्यांना अहोजाहो करतो.

आता माझ्यावर फक्त इस्त्री होती. सगळी मंडळी माझ्याभोवती, वेदीशी गोळा झालेली, आणि समोरच्या लांबलचक रांगांमध्ये एकटा मालक. आजवर बसणाऱ्याला सगळी मंडळी समोर दिसायची. त्या दिवशी प्रथमच, न बसणाऱ्याला दिसत होती.

वहिनींनी इस्त्रीच्या बाजूची जागा पदराने पुसली. कुंड्यांची माती होती तिथे.

‘‘मालक, जागा आहे.’’

‘‘माझा न्याय करणारी तू कोण?’’ मालक ओरडला. ‘‘माझा न्याय देव करील!’’

‘‘करीलच,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘म्हणून तर बोलावतेय. तिथे साक्षीला माझी गरज नाही, त्याने सगळं पाहिलंय. तिथे इस्त्री लपवता येत नाही आणि तिथे कमिटी नसते. हा बाक त्या न्यायाच्या आधी आहे. इथे बसलात तर हात द्यायला मी आहे. माझं मन नाही, तरी देईन, कारण रीत आहे. तिथे तुम्हाला उठवायला कोण येणार?’’

मालकाचा एक पाय पुढे पडला. हे मी स्वतः पाहिलं. मग त्याने टोपी उचलली, मधल्या वाटेने मागे वळला आणि बाहेर गेला. दार त्याने आपटलं. माझ्या जागी आलेलं ते दार हलकं आहे, नुसतं फडफडलं.

‘‘इस्त्री उचलू का?’’ मावशीने विचारलं.

‘‘राहू दे,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘त्याची जागा धरून ठेवायला.’’

पाळकसाहेबांनी भाकर मोडली. पहिला तुकडा वहिनींना दिला. पुढच्या रविवारी उपदेशाच्या आधी ते स्वतः येऊन माझ्यावर बसले. ‘‘मी काही पाहिलं नाही,’’ ते म्हणाले, ‘‘कारण मी विचारायला भ्यालो.’’ वहिनींनी त्यांना लगेच उठवलं नाही. आधी मंडळीला एक गाणं पूर्ण म्हणू दिलं.

मुकादमांनी शब्द पाळला. बायकाही गेल्या. चौकशीचा निकाल फिरला आणि दादांच्या नावावरचा डाग धुऊन निघाला. कोर्टात मालकाचं काय झालं ते मला विचारू नका. मी कोर्टातला बाक नाही. एवढं ठाऊक आहे की त्या सगळ्या बायकांची नोकरी गेली आणि त्यांनी पुष्कळ दिवस घरोघरी कपडे धुऊन काढले. त्यातली एकही म्हणाली नाही की गप्प बसायला हवं होतं.

मालकाच्या दोस्तांनी मला तोडायला माणसं पाठवली. दुपारची वेळ, कुऱ्हाडी घेऊन दोघे आले. एक घाव माझ्या पायावर बसला, तो अजून आहे. तेवढ्यात मावशी भाजीची टोपली घेऊन आली आणि माझ्यावर बसून शेंगा सोलू लागली.

‘‘बाई, उठा,’’ ते म्हणाले.

‘‘कशी उठू? मी पाप केलंय. कोणतं ते आठवतेय. आठवलं की सांगते, मग कुणी उठवलं की उठते.’’

संध्याकाळपर्यंत तिला आठवलं नाही. माणसं गेली.

मित्रांनो, आता तुम्ही विचाराल, मालकावर वीज पडली का? पडली नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला. तो पोटभर जेवला, म्हातारा झाला. लोकांना हे पटत नाही. गोष्टीत दुष्टाला लगेच शिक्षा झालेली बघायची सवय असते. म्हातारपणी एका दुपारी तो एकटाच काठी टेकत आला. वहिनी वेदीवर चादर घालत होत्या. त्याने इस्त्रीवर हात ठेवला. मी श्वास रोखून, म्हणजे जे काही बाक रोखू शकतो ते रोखून, थांबलो.

‘‘बसा,’’ वहिनी म्हणाल्या.

‘‘गुडघे दुखतात,’’ तो म्हणाला. ‘‘बसलो की उठता येत नाही.’’

‘‘उठवायला मी आहे ना?’’

त्याने इस्त्रीवरचा हात काढला आणि तो निघून गेला. त्याच महिन्यात त्याच्या अंत्यविधीला फुलांचा खच पडला होता. पुढे त्याच्याशी कोण बोललं आणि काय बोललं, हे मला माहीत नाही. पण तिथे गुडघ्यांची सबब चालली असेल असं मला वाटत नाही. मला त्याचा राग येतो, आणि मित्रांनो, त्याची कीवही येते. त्याला हवी होती ती जागा माझ्यापाशी होती. हातभर रुंद, पदराने पुसलेली.

वहिनी आता फार थकल्या आहेत. मावशी गेली. इस्त्री माझ्या डाव्या टोकाला आहे, तार अजून तशीच. आणि समोर ती पाटी.

मला पॉलिश नको. माझ्यावरचे डाग कुंड्यांचे, कुऱ्हाडीचे आणि माणसांच्या घामाचे आहेत. ते माझे आहेत. माझा आखूड पाय सरळ करू नका. मला गादी घालू नका. आणि दोरी तर बांधूच नका, कारण अडवायचं असेल तर त्यासाठी दारं पुष्कळ आहेत, मी ते काम केव्हाच सोडलं. माझी काळजी घ्यायची असेल तर एकच करा. पाऊसपाण्यापासून मला जपा आणि इस्त्रीच्या शेजारची जागा रोज पुसून ठेवा. शेवटचा न्याय व्हायचा तेव्हा होईल, तो मी थांबवू शकत नाही आणि मला थांबवायचाही नाही. तोवर मी इथे उभा आहे, मंडळीकडे तोंड करून.

मघाशी वहिनींची नात आली होती. पाटी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि पाटीशेजारच्या रंगाच्या डब्यातला ब्रश उचलला. ‘बसू नये’ मधल्या शेवटच्या शब्दावर तिने जाड रेघ मारली. रंग अजून ओला आहे. हात लावू नका.